निंबाखालची घागर

कापसाच्या आगीची सगळ्यात मोठी अडचण अशी की ती विझली हे कधीच खात्रीने सांगता येत नाही. अमळनेर तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी हिशेबनीस म्हणून 31 हंगाम काढले, तेव्हा हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेले नाही. सरकी काढलेली रुई दाबून, पट्ट्या आवळून गाठ बांधली की ती दगडासारखी कठीण लागते, पण तंतूतंतूंच्या मध्ये हवा उरलेलीच असते आणि त्या हवेवर ठिणगी आत दोन-दोन, तीन-तीन दिवस धुमसत राहते. बाहेरून पाणी मारावे, तर वरचा थर भिजून काळा पडतो आणि आतली ऊब तशीच राहते. जुने हमाल गाठीवर तळहात ठेवून, मग नाक लावून सांगत, ‘ही जिवंत आहे’, आणि मग ती गाठ मोकळ्या मैदानात ओढत नेऊन, पट्ट्या तोडून, हातांनी पिंजून काढल्याशिवाय कोणी तिच्याकडे पाठ फिरवत नसे.

एप्रिलमध्ये जिन थंडावलेले असे. हंगाम संपत आलेला, अंगणात थोडाफार कवडी कापूस, आणि ऊन असे की पत्र्याच्या शेडखाली उभे राहवत नसे. नेमक्या त्याच दिवसांत अग्निशमन सेवा सप्ताह येतो. 14 एप्रिलला त्याची सुरुवात होते. आमच्या कार्यालयात दरवर्षी त्याची भित्तिपत्रके लागत, नगरपालिकेच्या अग्निशमन दलाची माणसे येऊन वाळूच्या बादल्या आणि सिलिंडर तपासून जात, आणि प्रात्यक्षिकाच्या आधी सगळ्यांना एक मिनिट उभे करून 1944 साली मुंबईच्या गोदीत आग विझवताना मरण पावलेल्या 66 जवानांना श्रद्धांजली वाहिली जाई. पहिली काही वर्षे मी ते मिनिट इतरांसारखेच घड्याळाकडे बघत घालवले. नंतर एकदा घरी जेवताना मी हा प्रसंग सहज सांगितला, तेव्हा वडिलांचा घास हातातच राहिला. ‘चौदा एप्रिल? चव्वेचाळीस?’ असे त्यांनी दोनदा विचारले आणि मग म्हणाले, ‘मामा त्याच आखाजीला आले नाहीत.’

हे मामा म्हणजे वडिलांच्या आईचे धाकटे भाऊ. आम्ही कोणी त्यांना पाहिलेले नाही. वडील तेव्हा बारा वर्षांचे होते, आणि त्यांना आठवत होते ते एवढेच, की मामा उंच होते, तंबाखू मळून झाली की तळहात धोतराला पुसत, आणि 1941च्या सुमारास, सलग दोन वर्षे पीक हातचे गेल्यावर मुंबईला निघून गेले. तिथे ते बंदरावर पोती वाहत. ‘बंदरावर’ म्हणजे नेमके कुठे, हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. दोन-तीन महिन्यांनी आजीच्या नावाने पाच-सात रुपयांची मनीऑर्डर येई आणि तिच्या कुपनावर दुसऱ्या कोणाच्या तरी हस्ताक्षरात दोन ओळी असत. शेवटचे कुपन चैत्रातले होते. त्यावर ‘आखाजीस न्यावयास येतो’ असे लिहिलेले होते.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हे खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल, पण तेवढ्याने भागणार नाही. आमच्याकडे दिवाळीपेक्षाही हा सण मोठा मानतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, वर्ष संपून नवे सुरू होते. मुलीला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात, आणि आजीचा मुराळी म्हणजे हा एकटाच भाऊ. 1944 साली अक्षय्य तृतीया एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आली होती. आजी नवे लुगडे घडी करून ठेवून तीन दिवस ओट्यावर बसून होती, असे वडील सांगत.

मुंबईत त्याआधी बारा-एक दिवसांपूर्वी काय घडले होते, ते आमच्या गावात कोणाला कळलेले नव्हते. युद्धकाळ होता आणि सरकारने बातमीवर बंदी घातली होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगून टाकली, पण हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांना ती छापायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. म्हणजे ज्या दिवसांत आजी ओट्यावर बसली होती, त्या दिवसांत सरकारच्या लेखी काहीच झालेले नव्हते.

झाले होते ते असे. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले. त्यात सुमारे 1,395 टन स्फोटके, पाणतीर म्हणजे टॉर्पेडो, तोफगोळे आणि सुटी केलेली लढाऊ विमाने होती, आणि 31 पेट्यांमध्ये प्रत्येकी चार अशा सोन्याच्या विटा होत्या. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या 8,700 गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, भंगार असे मिळेल ते भरले गेले. कप्तानाने कुरकुर केली, पण युद्धात जहाजाची एक फूट जागाही रिकामी ठेवायची नाही असा हुकूम होता. 12 एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. स्फोटके भरलेल्या जहाजाने एरवी लाल निशाण लावायचे असते, पण युद्धामुळे तो नियम पाळला जात नव्हता, त्यामुळे शेजारच्या जहाजांना आणि धक्क्यावरच्या माणसांना आपल्या बाजूला काय उभे आहे याची कल्पना नव्हती. दोन दिवस झाले तरी स्फोटके आतच होती.

14 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या फाळक्यातून, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल भरायच्या कप्प्यातून, धूर दिसू लागला. कोणाच्या तरी विडी-सिगारेटमुळे कापूस पेटला असावा, असा पुढे कयास झाला. खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके, अशी ती रचना होती. मी जिनमध्ये आयुष्य घालवलेला माणूस आहे, आणि त्या रचनेबद्दल वाचताना प्रत्येक वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. गोदीतले बंब, अग्निशमन दलाचे बंब आणि पाण्यातल्या बंबबोटी यांनी मिळून 900 टनांहून जास्त पाणी त्या फाळक्यात ओतले. धुरामुळे आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. ओतलेले पाणी आत उकळू लागले, आणि पाण्याबरोबर पेटत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांकडे सरकू लागल्या. कापसाची गाठ बुडत नाही, आणि भिजली तरी आतून विझत नाही, हे त्या धक्क्यावर कोणालाच माहीत नसेल असे मला वाटत नाही. विदर्भ-खानदेशाच्या गाठी पिढ्यानपिढ्या त्याच बंदरातून विलायतेला जात होत्या. ज्यांच्या पाठीवरून त्या गाठी जात, त्यांना हे नक्की माहीत होते. पण अशा वेळी हमालाचे मत कोणी विचारत नाही, आणि तिथे तर साहेब लोकांमध्येही हुकूम कोणाचा चालणार हेच ठरलेले नव्हते.

3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि 4 वाजून 34 मिनिटांनी दुसरा. 12 किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, आणि तिकडे सिमल्याला, 1,700 किलोमीटरवर, भूकंपमापकाने धक्का नोंदवला. ‘जलपद्मा’ नावाचे अख्खे जहाज उचलले जाऊन त्याची मागची बाजू धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडली. आणि मग आकाशातून कापूस पडला. पेटलेल्या गाठी आणि त्यांचे तुकडे इतर जहाजांवर, धान्याच्या कोठारांवर, बंदरालगतच्या झोपड्यांवर पडत राहिले आणि दोन चौरस किलोमीटरचा मुलूख पेटला. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. 50,000 टनांहून जास्त धान्य गेले, आणि तेही बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षात.

माणसे किती गेली? या प्रश्नाचे उत्तर आठशे ते तेराशे असे दिले जाते. अग्निशमन दलाचे 66 हा आकडा पक्का आहे. ते 66 धरून गोदीच्या निरनिराळ्या सेवांमधले 231, हाही पक्का म्हणून दिला जातो. त्यानंतरचा, बाकीच्या माणसांचा आकडा मात्र ‘पाचशेहून अधिक’ असा येतो, आणि ‘अधिक’ या शब्दात पाचेकशे माणसे मावतील एवढी जागा ठेवलेली असते. याच अहवालांमध्ये सोन्याचा हिशेब वाचायला मिळतो: 124 विटा, त्यातल्या जवळपास सगळ्या परत मिळाल्या. एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली होती आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. काही विटा गाळ उपसताना कित्येक वर्षांनी सापडल्या. विटेवर क्रमांक कोरलेला असतो, त्यामुळे कोणती वीट आली आणि कोणती यायची राहिली हे सांगता येते, हे मी हिशेबनीस म्हणून समजू शकतो. समजून घेतल्याने बरे वाटत नाही, एवढेच.

तीन वर्षांपूर्वी मी 14 एप्रिलला मुद्दाम मुंबईला गेलो. भायखळ्याला अग्निशमन दलाचे मुख्यालय आहे, तिथे त्या 66 जणांचे स्मारक आहे. बाहेर रस्त्यावर आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे लागले होते, एका टेम्पोवर लाऊडस्पीकर बांधणे चालू होते. (स्फोट झाला तो दिवस बाबासाहेबांचा 53वा वाढदिवस होता, आणि ते त्या वेळी व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. योगायोगाला अर्थ नसतो हे मान्य करूनही ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.) मी स्मारकासमोर उभा राहिलो. गणवेशातली तरुण मुले होती, त्यांच्या बुटांना चमक होती, चेहऱ्यांवर उन्हाचा घाम होता. ज्यांना आत काय आहे हे ठाऊक नव्हते आणि तरीही जे नळी धरून उभे राहिले, अशा माणसांच्या आठवणीत देशभर एक सप्ताह पाळला जातो, याबद्दल माझ्या मनात आदराखेरीज दुसरे काही नाही. मी तिथे तक्रार घेऊन गेलो नव्हतो. पण हात जोडताना मला जाणवले की मी ज्यांच्यासाठी आलो आहे ते इथले नाहीत.

तिथून लोकलने मशीद बंदरला गेलो. तिथे इंडियन सेलर्स होम आहे, आणि समुद्रावर मेलेल्या हिंदुस्थानी खलाशांचे स्मारक तिथे आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्या महायुद्धातले जवळजवळ सहा हजार व्यापारी खलाशी तिथे नावानिशी नोंदलेले आहेत. दुसऱ्या युद्धातल्यांच्या नावांची तीच वही चितगावलाही ठेवलेली आहे, कारण बरेच खलाशी तिकडचे होते. इतक्या दूरच्या समुद्रांत, ज्यांची प्रेतेही मिळाली नाहीत अशांची नावे मात्र मिळाली, कारण जहाजावर चढताना खलाशाचे नाव, गाव आणि बापाचे नाव करारपत्रकात लिहिले जाई. जहाज बुडाले तरी त्या कागदाची प्रत किनाऱ्यावर असे.

गोदीतल्या हमालाचा असा कागद नव्हता. त्या काळी माल चढवण्या-उतरवण्याचे काम टोळीवाल्यांमार्फत चाले. टोळीवाला सकाळी फाटकापाशी येई, माणसे निवडी, काम झाले की रोजाचे पैसे देई. कंपनीचा संबंध टोळीवाल्याशी, टोळीवाल्याचा संबंध डोक्यांच्या संख्येशी. या रोजंदारीला शिस्त लावावी, मजुरांची नोंद ठेवावी, अशी शिफारस रॉयल कमिशन ऑन लेबरने 1931 सालीच केली होती. कायदा झाला 1948 साली, आणि मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले 1951 साली. स्फोट शिफारस आणि कायदा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत झाला. पुढे सरकारने नुकसानीची जबाबदारी घेतली, दावे मागवले, भरपाईही दिली. दावा करायला मात्र काय गेले, कोणाचे गेले आणि ते होते याचा पुरावा काय, हे लिहून द्यावे लागते.

आमचे आजोबा त्या वर्षी जूनमध्ये, पेरणी भावावर सोपवून, मुंबईला गेले होते. त्यांच्याकडे ते कुपन होते आणि कुपनावर एका खाणावळीचा पत्ता होता. खाणावळ होती त्या गल्लीत नुसत्या भिंती उभ्या होत्या. गोदीच्या फाटकावर त्यांना एकच प्रश्न विचारला गेला: ‘टोळी कोणाची?’ ते आजोबांना सांगता आले नाही. चार दिवस ते फाटकाबाहेर बसून राहिले. आत ढिगारा उपसायचे काम चालू होते; पुढे ते सात महिने चालले आणि आठ हजार माणसे त्यावर होती. संध्याकाळी ती माणसे गाळाने माखून बाहेर पडत, आणि माखलेल्या माणसांत कोण उंच, कोण बुटका एवढेच कळे. आजोबा उंच माणसांच्या मागे जात. पाचव्या दिवशी ते परत आले, आणि या प्रवासाबद्दल आयुष्यात पुन्हा काही बोलले नाहीत. मला हे सगळे वडिलांकडून कळले, आणि वडिलांना आजीकडून.

त्या फाटकासमोरचा रस्ता पूर्वी फ्रियर रोड होता, आता त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचे नाव आहे. मी त्या रस्त्याने बंदराच्या भिंतीच्या कडेकडेने बराच चाललो. मग पाय दुखू लागले आणि रात्रीच्या गाडीने परत निघालो.

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगायला मी इतका वेळ लावला. 1990च्या दशकातल्या एका हंगामात आमच्या जिनला आग लागली. कापसातून आलेला लोखंडाचा तुकडा किंवा गारगोटी पंख्याच्या पात्याला घासली की ठिणगी पडते, तशीच ती पडली असावी. रुईच्या गोदामात धूर भरला. आम्ही सगळे अंगणात आलो आणि मालकांनी मला ओरडून विचारले, ‘आत किती माणसं होती?’ मी हजेरीपुस्तक काखेत घेऊनच बाहेर पडलो होतो, हिशेबनिसाला तेवढे भान असते. मी पान उघडले. फिटर, वायरमन, प्रेसवाला, चौकीदार, सगळ्यांची नावे, आडनावे, सही. आणि खाली, माझ्याच अक्षरात, ‘हमाल – 14’.

अंगणात तेरा उभे होते. मुकादम मोजत होता, मीही मोजत होतो, दोघांचे तेराच होत होते. ‘कोण नाही?’ असे मालक विचारत होते आणि मला उत्तर देता येत नव्हते, कारण कोणाला शोधायचे तेच मला माहीत नव्हते. त्या माणसांना मी रोज पाहत होतो, त्यांच्या हातून पाणी प्यायलो होतो, त्यांच्यातल्या एकाला मुलीच्या लग्नासाठी उचल मिळवून दिली होती. पण कागदावर मी त्यांना एका आकड्यात बांधले होते, आणि त्या क्षणी कागद माझ्यापेक्षा मोठा झाला होता. हाक तरी काय मारणार? मुकादमालाही गोंधळात आठवेना, कारण दोघे जण त्याच दिवशी सकाळी सातपुड्याकडच्या एका पाड्यावरून नवे आले होते.

तो चौदावा माणूस अर्ध्या तासाने फाटकातून चालत आला. तंबाखू घ्यायला गेला होता. मुकादमाने त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याला धरून रडू लागला. मी मात्र हजेरीपुस्तक घेऊन कार्यालयात गेलो आणि बराच वेळ पंखा न लावता बसून राहिलो.

त्यानंतर मी हमालांची नावे लिहू लागलो. मुकादमाला ते आवडले नाही. ‘अण्णा, आज हा येतो, उद्या तो येतो, तुम्ही कशाला शाई घालवता?’ असे तो म्हणे, आणि मालकांनाही नावे कागदावर आली की पुढे कोणकोणते कायदे मागे लागतील याची धास्ती होती. तरी मी दोन हंगाम लिहिली. तिसऱ्या हंगामात माझी बायको आजारी होती, मी उशिरा पोचत असे, आणि एका सकाळी घाईत मी पुन्हा ‘हमाल – 12’ असे लिहिले. मग तेच पुढे चालू राहिले. टोळीवाल्यांबद्दल लिहिताना माझ्या शब्दांना धार येऊ लागली की मी हे आठवतो.

आजीकडे वळतो. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोरी आणि आंबा ठेवतात. घरातला कर्ता माणूस उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवतो आणि प्रत्येक बोटाला एका पितराचे नाव घेतो. 1945च्या आखाजीला कोणी तरी सुचवले की भावाच्या नावाने घागर भरून टाक. आजी म्हणाली, ‘तो येवाव शे. त्याना नावनी घागर भरू नका.’ तो येणार आहे, असे तिचे म्हणणे. बारा वर्षे झाल्यावर गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकावा असे सांगितले, शास्त्रात बेपत्ता माणसासाठी तशी सोय आहे. तिने तेही केले नाही. तिने केले ते असे, की दर आखाजीला एक घागर जास्तीची आणायची, तिच्यावर डांगर-सांजोरी काही ठेवायचे नाही, कुंकू लावायचे नाही, आणि ती पाण्याने भरून बाहेर रस्त्याच्या निंबाखाली वाळूवर ठेवून द्यायची. कोणी विचारले तर ‘वाटसरूसाठी’ असे सांगायची. आमच्याकडे त्या दिवसांत पारा 44पर्यंत चढतो, त्यामुळे ती घागर दुपारपर्यंत रिकामी होई आणि आजी ती पुन्हा भरून ठेवी. ही गोष्ट पावसाळा लागेपर्यंत रोज चाले. आजी गेल्यावर आईने ते केले, आईनंतर माझ्या बायकोने. कोणी कारण विचारले नाही.

मुंबईहून आल्यावर माझ्या मनाने घेतले की आता मामांचे नाव तरी नक्की करावे. घरात ते कोणालाच माहीत नव्हते. आजी त्यांना ‘भाऊ’ म्हणे, वडील ‘मामा’ म्हणत, आणि मनीऑर्डरच्या कुपनावर नावाच्या जागी पोस्टाचा शिक्का असा बसला होता की फक्त आडनावाचा शेवट वाचता येई. आजीच्या माहेरचे घर मोडून गेलेले. शेवटी मी तहसील कार्यालयातून त्या गावच्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, नकला काढल्या. नोंदी मोडीत होत्या, त्या धुळ्याच्या एका जाणकाराकडून वाचून घेतल्या. पणजोबांच्या नावापुढे 1913 ते 1919 या वर्षांत जन्माच्या तीन नोंदी मिळाल्या. मृत्यूच्या वहीत 1918च्या इन्फ्लुएंझात त्यांतले एक मूल गेल्याचे आणि नंतर आणखी एक गेल्याचे मिळाले. उरला तो एक आमचा मामा. जाणकार काचेतून वाचत होते आणि मी वही उघडून लिहून घ्यायला बसलो होतो. त्यांनी तिन्ही नोंदी दोनदा वाचल्या. बापाचे नाव होते, जात होती, तारीख होती. मुलाच्या नावाचा रकानाच त्या वहीत नव्हता. तिन्ही ठिकाणी ‘मुलगा’ एवढेच लिहिलेले होते.

मामा त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत होते, याचा माझ्याकडे काहीही पुरावा नाही. ते धान्याच्या कोठारात असतील, खाणावळीत झोपलेले असतील, किंवा त्याआधीच तापाने गेले असतील. एखाद्या जहाजावर चढून निघूनही गेले असतील, आणि मग ते मशीद बंदरच्या वहीत एखाद्या नावाखाली असतील, जे मी वाचून पुढे गेलो. घरच्यांनी ‘गोदीत गेला’ असे म्हणायचे ठरवले, कारण दुसरे काही म्हणता येत नव्हते.

यंदाच्या आखाजीला बाजारातून पाच घागरी आणल्या. कुंभार आता पाचोऱ्याकडून ट्रकने माल मागवतो, पण माती अजून बरी लागते. मी उंबरठ्यावर बसून कुंकवाची बोटे उमटवली: पणजोबा, आजोबा, वडील, आणि गेल्या वर्षी गेलेला थोरला भाऊ. सुनेने चौघांवर डांगर ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या. पाचवी घागर तशीच मोकळी उभी होती. माझे बोट कुंकवात होते आणि मी ते थोडा वेळ तसेच ठेवले. मग पुसून टाकले.

‘बाबा, ही कुठे ठेवू?’ सुनेने विचारले. लग्न होऊन आल्यापासूनची तिची ही पहिलीच आखाजी होती.

‘बाहेर,’ मी म्हणालो. ‘निंबाखाली. आणि पेला साखळीने बांध, मागच्या वर्षीचा कोणी तरी नेला.’